पिवळा पालक, बोअरचं पाणी आणि माळकरी घरातले मासे

पत्र:

विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आमची 15 बाय 20 फुटांची गच्ची आहे. घरात चौघं. मातीविना भाजी करून बघावी म्हणून मागच्या महिन्यात दोन टबांत पालक लावला. पाणी बोअरचं, खत 19:19:19, लिटरला चहाचा एक चमचा. आठ-दहा दिवस बरा होता. मग नवी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, आणि पंधरा दिवसांत सगळं बसलं. आरओवाल्याने मीटर बुडवून बघितलं तर बोअरचं पाणी 980 आणि नळाचं 210 दाखवलं. आता मावसभावाने 36 छिद्रांचा पाइपचा किट आणून दिलाय, पंपासकट. अजून जोडला नाही. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा हजार लिटरच्या टाकीत मासे सोडू, त्यांच्याच पाण्यावर भाजी येईल, खताचा खर्च नको. सासूबाई माळकरी आहेत. मासे पाळायला त्यांची ना नाही, खायला आहे. खताऐवजी जीवामृत चालेल का? टोमॅटो येतील का? आणि मधेच लाइट जाते त्याचं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, स. न.

पालक मेला म्हणून हळहळू नका. तुमच्या पत्रात 980 आणि 210 हे दोन आकडे आहेत आणि निम्मं उत्तर त्यांतच आहे. बहुतेक लोक आधी किट घेतात, मग बियाणं, मग खत, आणि पाण्याची चौकशी सगळं पिवळं पडल्यावर करतात. मातीविना शेतीत पाणी हीच जमीन. ती आधी तपासायची.

आरओवाल्याचा मीटर पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी मोजतो आणि तिला बहुधा 500 ने गुणून पीपीएमचा, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार याचा, आकडा दाखवतो. म्हणजे तुमच्या बोअरची ईसी जवळजवळ 2 आणि नळाची 0.4 च्या आसपास. पालेभाजीला खत मिसळून झाल्यावर एकूण ईसी 1.4 ते 1.8 लागते. तुमचं बोअरचं पाणी खताचा दाणा पडायच्या आधीच ती हद्द ओलांडून बसलंय, आणि तेही पिकाला हव्या त्या क्षारांनी नव्हे. त्यात बहुतेक कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट असणार. मिरज, वाळवा, पलूस भागातल्या क्षारपड जमिनी बघितलेल्या माणसाला याचं नवल वाटायचं नाही.

आता खत. 19:19:19 म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी 19 टक्के. चहाच्या चमच्यात ते साधारण 5 ग्रॅम बसतं. लिटरला 5 ग्रॅम म्हणजे नत्र 950 पीपीएम. पालकाला 150 पुरतं. शिवाय या खतातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू युरियाचं रूपांतर करून तो पिकाला देतात. तुमच्या टबात माती नाही आणि तेवढे जिवाणूही नाहीत. युरिया तसाच पडून राहतो, हळूहळू त्याचा अमोनिया होतो आणि साचल्या पाण्यात तो मुळांना भाजतो. गंमत म्हणजे युरियाचा विद्युतभार नसल्याने तो मीटरलाही दिसत नाही. आणि 19:19:19 मध्ये कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, लोहाचं प्रमाणही भरवशाचं नाही.

नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची ठळक खूण. बायकार्बोनेटमुळे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणाचा आकडा; 7 च्या वर अल्क) 8 च्या आसपास गेला की लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही, आणि त्यावर स्फुरदाचा एवढा मारा झाला की राहिलंसाहिलं लोहही अडकतं. म्हणजे दोष पाण्याचाही आणि खताचाही. त्या टबांतलं पाणी पातळ करून झाडं वाचवायच्या भानगडीत पडू नका. ओतून द्या, टब धुवा.

पुढच्या लागवडीला नळाचं पाणी घ्या. 0.4 ईसी म्हणजे उत्तम. क्लोरीनचा वास येत असेल तर झाकण न लावता एक दिवस बादलीत ठेवा. पावसाचं पाणी त्याहून चांगलं: तुमची गच्ची 28 चौरस मीटरची आहे, 10 मिमी पाऊस पडला तरी 280 लिटर पाणी खाली वाहून जातं. पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्या, पुढचं झाकणाच्या पिंपात धरा. बोअरचं पाणी वापरायचंच झालं तर एक भाग बोअर आणि तीन भाग पावसाचं, याहून जास्त नको. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र टबात टाकू नका. ते फुकट असतं हे खरं, पण बोअरचेच क्षार त्यात आणखी घट्ट होऊन आलेले असतात.

एकदा प्रयोगशाळेतून अहवाल करून घेतलात तर बरं. द्राक्षबागायतदार पान-देठ आणि पाणी जिथे तपासून घेतात तिथेच हे काम होतं. पीएच, ईसी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट एवढं मागा. नळ पाच-दहा मिनिटं सोडून स्वच्छ बाटली काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी पोहोचवा. सोडियम 50-60 पीपीएमच्या वर असेल तर ते पाणी पुन्हापुन्हा भर घालत वापरण्याजोगं नाही, कारण पीक सोडियम फारसं उचलत नाही आणि तो टबात साठत जातो.

खताच्या बाबतीत सांगलीकरांचं नशीब थोर आहे. मुंबई-पुण्याची मंडळी ज्या पाकिटांसाठी ऑनलाइन दुप्पट पैसे मोजतात ती तासगाव-मिरजेच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ठिबकची विद्राव्य खतं म्हणून मिळतात. 25 किलोची गोणी नको, किलोची पाकिटं मागा: कॅल्शियम नायट्रेट, 13:0:45, 0:52:34, मॅग्नेशियम सल्फेट, 6 टक्क्यांचं ईडीडीएचए लोह आणि चिलेटेड (पाण्यात विरघळलेलीच राहावीत म्हणून संयुगात बांधलेली) सूक्ष्म अन्नद्रव्यांचं छोटं पाकीट. लोहही असंच बांधलेलं मिळतं; ते घेताना ईडीडीएचएच घ्या. ईडीटीए स्वस्त पडतं, पण पीएच 6.5 च्या वर गेला की त्याचा भरवसा नाही.

पाच-पाच लिटरचे दोन कॅन घ्या आणि त्यांवर मार्करने मोठं अ आणि ब लिहा. दोन्हींत आरओचं किंवा पावसाचं पाणी. अ कॅनमध्ये कॅल्शियम नायट्रेट 700 ग्रॅम आणि लोह 30 ग्रॅम. ब कॅनमध्ये 13:0:45 400 ग्रॅम, 0:52:34 200 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 400 ग्रॅम, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं 1000 लिटर पाण्याला पाकिटावर लिहिली असतील तेवढी. खतं आधी तीन-साडेतीन लिटर पाण्यात एकामागून एक विरघळवा, मग पाच लिटरची खूण गाठा. 13:0:45 विरघळताना पाणी गार पडतं. थोडा वेळ द्या. कॅन काळ्या पिशवीत, सावलीत आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

अ आणि ब घट्ट स्वरूपात कधीही एकत्र करायचे नाहीत, एकच मापसुद्धा न धुता दोन्हींत बुडवायचं नाही. कॅल्शियम, सल्फेट आणि फॉस्फेट भेटले की जिप्समसारखा पांढरा गाळ बसतो. तो पुन्हा विरघळत नाही आणि तेवढं खत पिकाच्या हिशेबातून गेलं. टबात आधी पूर्ण पाणी, मग अ, ढवळणं, मग ब.

लिटर पाण्याला दोन्हींचे 5-5 मि.ली. टाकले की पूर्ण ताकदीचं द्रावण होतं: नत्र 160, स्फुरद 45, पालाश 205, कॅल्शियम 130, मॅग्नेशियम 39 पीपीएम, आणि खताची अशी ईसी दीडच्या आसपास. तुमच्या नळाच्या 0.4 वर ते जरा जड होईल. म्हणून 4-4 मि.ली. ने सुरुवात करा, म्हणजे एकूण 1.6 च्या जवळ येईल. रोपं कोवळी असताना अडीच मि.ली. पुरे. मार्च ते मे महिन्यांत साडेतीनच्या वर जाऊ नका, कारण उन्हात झाड पाणी जास्त पितं, खत कमी. कॅनमधून एकूण 1000 लिटर द्रावण होतं; घरी सहा टब केलेत तरी ते एक हंगाम सहज पुरेल.

सूक्ष्म अन्नद्रव्यांबद्दल एक बजावणं. दुकानदार फवारणीची ग्रेड-2 हातात ठेवेल. ती फवारणीच्या प्रमाणात टबात ओतू नका. तिच्यात जस्त आणि तांबं भरपूर असतं. पानावरून ते वाहून जातं, टबात मात्र मुळं त्यात रात्रंदिवस बुडलेली असतात.

पीएच मोजायचा तो अ आणि ब टाकून झाल्यावर. 5.8 ते 6.3 हवा. तो खाली आणायला फॉस्फरिक ॲसिड. तेही ठिबक धुण्यासाठी वापरतात, म्हणून इकडे सहज मिळतं. एक लिटर आरओ पाण्यात 85 टक्क्यांचं 10 मि.ली. ॲसिड टाका. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नव्हे. हातमोजे आणि चष्मा हवाच. हे पातळ ॲसिड 40 लिटरच्या टबात एका वेळी 50 मि.ली. घाला, ढवळा, पंधरा मिनिटांनी मोजा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, कारण बायकार्बोनेट रात्रीतून पीएच परत वर ढकलतं. लिंबू किंवा व्हिनेगरनेही पीएच उतरतो, पण जिवाणू ते दोन-तीन दिवसांत खाऊन टाकतात आणि आकडा होता तिथे येतो. वर पाण्याला वास. आणि बोअरच्या पाण्यात फक्त ॲसिड ओतून काम भागेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. एवढं ॲसिड लागेल की स्फुरदच प्रमाणाबाहेर जाईल, आणि सोडियम तर जागचा हलणार नाही.

मीटर दोन लागतात, ईसीचा आणि पीएचचा. ईसीचा स्वस्तातलाही टिकतो. पीएचचा मात्र नखरेल. महिन्यातून एकदा 4 आणि 7 च्या द्रावणात त्याला ताळ्यावर आणावं लागतं, आणि त्याचं टोक कोरडं किंवा आरओच्या पाण्यात ठेवलं तर तो खोटं बोलायला लागतो. एवढं निगुतीने होणार नसेल तर मत्स्यटाकीच्या दुकानातली पीएचच्या थेंबांची बाटली घ्या. घरासाठी तेवढी अचूकता पुरते.

आता टब. पहिल्या हंगामात पंप नको. हवाई विद्यापीठातल्या बी. ए. क्रॅत्की यांनी रुळवलेली बिनपंपाची पद्धत तुमच्या गच्चीला आणि महावितरणच्या वेळापत्रकाला दोन्हींना मानवते. टब एकदा भरायचा, वर झाकण, झाकणाच्या छिद्रात जाळीचा कप. झाड पाणी पितं तशी पातळी उतरते आणि मधे मोकळी हवा तयार होते. खालची मुळं पाणी घेतात, वरची केसाळ मुळं हवा घेतात.

60 बाय 40 सें.मी. चा, 22-25 सें.मी. खोल, बिनछिद्राचा आणि उजेड आरपार न जाणारा टब घ्या. त्यात 40 लिटर बसतं. रंग फिका असेल तर बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग मारा: काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. नुसता काळा ठेवलात तर एप्रिलमध्ये पाणी अंघोळीचं होईल. झाकणाला 25 मि.मी. जाड थर्माकोल. लेट्यूसला एका टबात 6 छिद्रं, पालकाला 10. छिद्र दोन इंची कपापेक्षा किंचित लहान पाडा, म्हणजे कप कडेवर टेकेल.

रोपं लावताना कपाचा तळ जेमतेम सेंटिमीटरभर पाण्यात हवा. मुळं खाली उतरल्यावर पातळी आपोआप खाली जाते, जाऊ द्या. इथेच बहुतेकांचा हात शिवशिवतो: पाणी कमी झालं म्हणून टब पुन्हा गळ्यापर्यंत भरतात, हवेतली मुळं बुडतात आणि दोन दिवसांत झाड माना टाकतं. भर घालायचीच तर निम्म्या पातळीपर्यंत, आणि आधी ईसी मोजून. पाणी घटलं आणि ईसी वाढली, तर साधं पाणी घाला. दोन्ही घटलं, तर निम्म्या ताकदीचं द्रावण.

डासांचं विसरू नका. झाकणाखालचं साचलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला आवडतं, आणि महापालिकेचे लोक अळ्या शोधत गच्चीपर्यंत येतात. रिकाम्या छिद्रांना थर्माकोलचं बूच लावा, झाकण आणि टब यांच्या फटीवर चिकटपट्टी, कपात कोकोपीट गच्च. पाण्याच्या टाकीत सोडतात तसे गप्पी मासे या टबात सोडून भागणार नाही. खताच्या, हवा कमी असलेल्या पाण्यात ते तगत नाहीत.

टब गच्चीच्या मधोमध नको, कठड्यालगत तुळईच्या रेषेवर ठेवा आणि मधे चालायला जागा सोडा. भरलेला टब 40 किलोच्या वर जातो, त्याच्या तळाच्या क्षेत्रफळावर चौरस मीटरला साधारण 170 किलो. माणसं वावरतात त्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 150 किलो भारासाठी धरतात. टब पसरून ठेवले तर हिशेब बसतो, एकावर एक रचले तर बसत नाही.

पेरणी घटस्थापनेच्या सुमारास करा. तोवर टब, झाकणं, कॅन तयार ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सांगलीतला खरा हंगाम. रोपवाटिकेत मिळतो तसा 98 किंवा 104 कप्प्यांचा ट्रे आणि कोकोपीट घ्या; कोकोपीट दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून पिळा, त्यातही मीठ असतं. पालकाचं बी रात्रभर भिजवून कप्प्यात दोन-तीन. लेट्यूसचं बी भिजवायचं नाही आणि खोल पुरायचंही नाही, त्याला उजेड लागतो. तापमान 30 अंशांच्या वर असेल तर ते उगवायचं नाव घेत नाही, म्हणून ट्रे पहिले दोन दिवस घरातल्या गार जागी ठेवा. दोन खरी पानं आली की, साधारण पंधरा ते वीस दिवसांनी, गड्डीसकट कपात. पालक त्यानंतर महिन्याभरात कापायला येतो, लेट्यूस पाच-सहा आठवड्यांत. सहाही टब एकदम लावू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-दोन लावा, नाहीतर एका आठवड्यात शेजाऱ्यांना वाटत सुटाल आणि पुढचा महिना बाजारातून आणाल.

काय लावायचं? पालक, लेट्यूस, चाकवत, पुदिना, कांद्याची पात. पुदिन्याच्या काडीला आठवड्याभरात पाण्यातच मुळं फुटतात. उन्हाळ्यात लेट्यूसचा हट्ट सोडा, ते कडू होतं आणि फुलोऱ्यावर जातं. तेव्हा पोकळा, लाल माठ, अंबाडी. मेथी-कोथिंबीर येते, पण बाजारातल्या जुडीच्या भावात टबाची जागा अडवावी असं आम्हाला वाटत नाही. ती मातीच्या कुंडीतच बरी. स्ट्रॉबेरीचंही कोणीतरी डोक्यात घालेलच. महाबळेश्वर कुठे आणि सांगलीचं ऊन कुठे!

फेब्रुवारी उजाडला की 50 टक्क्यांची शेडनेट, शक्यतो पांढरी. ती झाडासाठी असते तितकीच पाण्यासाठी. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. मुळांची गरज त्याच वेळी वाढलेली असते, आणि पिथियम बुरशीला हेच हवं असतं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी झाली की तो टब संपला. झाडं काढा, टब ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा. मात्र ईडीडीएचए लोहाने पाणी लालसर होतं आणि मुळांवरही तांबूस छटा येते. ती कूज नव्हे. ओढून बघा, मूळ चिवट असेल आणि वास नसेल तर ठीक आहे. पावसाळ्यात वर प्लास्टिकचा कागद हवा, नाहीतर एक सर द्रावण पातळ करून जाते. दोन्ही आच्छादनं नीट बांधा; वळवाचा वारा दुसऱ्या मजल्यावर फार जोरात असतो.

मावा आणि पांढरी माशी येणारच. पिवळे चिकट सापळे टांगा, आणि संध्याकाळी लिटरला 5 मि.ली. निंबोळी तेल साबणाच्या चार थेंबांत फेटून पानांच्या मागून फवारा. नागअळीची पांढरी नागमोडी रेघ दिसली की पान खुडून टाका. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळाल्या तर कॅल्शियम वाढवू नका. द्रावणात ते असतंच, ते पानाच्या टोकापर्यंत पोहोचत नसतं. ईसी उतरवा आणि वारा खेळू द्या.

आता मावसभावाचा किट. तो फेकायचा नाही, पण सध्या माळ्यावर ठेवा. पाइपमधून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहता ठेवायची ही पद्धत आहे. पंप थांबला की पाइप रिकामा होतो आणि सांगलीच्या दुपारी तासा-दोन तासांत झाडं माना टाकतात. पुढच्या थंडीत जोडाल तेव्हा दोन बदल करा. पाइपच्या शेवटच्या टोपणातलं बाहेर जाणारं छिद्र तळापासून 3-4 सें.मी. वर घ्या आणि पाइप समपातळीत ठेवा, म्हणजे लाइट गेली तरी मुळांशी पाणी उभं राहील. दुसरं म्हणजे टाकी. किटसोबत बहुधा 20-25 लिटरची येते. 36 झाडांना निदान 80-100 लिटरची हवी, नाहीतर पाणी दुपारी तापतं आणि ईसी रोज वरखाली होते. प्रत्येक पाइपला मिनिटाला 1 ते 2 लिटर प्रवाह पुरतो. मोठा पंप लावून काही साधत नाही.

मिस्टरांना हे वाचून दाखवा. मासे आणि भाजी एकत्र वाढवणं ही पद्धत खरी आहे, चालते. माशांच्या विष्ठेतला अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तो भाजी उचलते. पण हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर घाईने मासे सोडले तर ते आपल्याच अमोनियात मरतात. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 7 ऐवजी 8 असेल तर विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो; तुमचं बोअरचं पाणी इथेही आडवं येणार. खताचा खर्च वाचतो म्हणावं, तर त्या जागी माशांचं खाद्य येतं, आणि लोह, पालाश, कॅल्शियम वरून घालावं लागतंच. लाइट गेली की बिनपंपाच्या टबातला पालक ढिम्म राहतो, पण दाट भरलेल्या टाकीतले मासे एक-दोन तासांत मरून उलटे तरंगू शकतात, म्हणजे बॅटरीवरचा हवेचा पंप आला. निंबोळी तेलाची फवारणीही बंद, ती माशांना बाधते.

आणि हजार लिटर म्हणजे एक टन, एक-दीड चौरस मीटर जागेवर. स्लॅबचा आकडा वर दिलाय. अभियंत्याने लेखी दिल्याशिवाय हा विषय गच्चीवर नकोच.

त्यातून मासे कुठले, हा प्रश्न. तिलापिया यात सर्वांत चिवट, पण तो पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. थाई मागूरवर देशात बंदी आहे. रोहू-कटला टाकीत मावत नाहीत. राहिले कोई आणि गोल्डफिश, आणि तुमच्या घरात खायचे नसल्यामुळे तेच योग्य. हौस असेल तर खाली अंगणात दोनशे लिटरच्या टाकीत पाच-सहा गोल्डफिश ठेवा आणि दर आठवड्याला बदललेलं पाणी कुंड्यांना घाला. सासूबाईंच्या तुळशीलाही ते चालेल.

जीवामृत टबात नको. शेण, गूळ, बेसन यांचं ते आंबवण मातीतल्या जिवाणूंसाठी आहे. उभ्या पाण्यात ते उरलासुरला ऑक्सिजन खातं, दोन दिवसांत नाकाला रुमाल लावावा लागतो आणि मुळं कुजतात. तुमचा जीव सेंद्रियावरच असेल तर मातीच्या कुंड्या करा, त्यात कमीपणा काही नाही.

टोमॅटो येतील, पण पालक एक हंगाम नीट काढल्यावर. एका झाडाला स्वतंत्र 20 लिटरची बादली, धुतलेलं कोकोपीट, तळाशी निचऱ्याचं छिद्र, ईसी 2 ते 2.5, आणि उन्हात रोज दोन-तीन लिटर पाणी. पाणी देण्यात खंड पडला की फळाचं बूड काळं पडतं. तेही कॅल्शियमचंच दुखणं, पण पाण्याच्या अनियमितपणाने ओढवलेलं.

टबातलं जुनं द्रावण मोरीत ओतू नका. तेवढंच साधं पाणी मिसळून कढीपत्त्याला, जास्वंदीला घाला. आणि 19:19:19 चं उरलेलं पाकीटही फुकट गेलेलं नाही. मातीच्या कुंड्यांना पंधरवड्यातून एकदा, लिटरला 2 ग्रॅम. या वेळी चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजून.